नीलच्या आकड्याबद्दल

मुलुंड, मुंबई
रविवार, रात्र

प्रिय संदीप,

'डीक्यू ७५ आलाय, पोरगं मागे पडणार का?' हा तुझा मेसेज वाचला. फोनवर तू मला बोलूच दिलं नसतंस, म्हणून पत्र.

आधी रिपोर्ट बघ. डीक्यू म्हणजे विकासांक: बाळ जितक्या महिन्यांच्या बाळासारखं करतं, त्याला त्याच्या वयाने भागायचं आणि शंभरने गुणायचं. नील दोन महिने आधी झालाय, म्हणजे आता आठ महिन्यांचा असला तरी त्याचं वय सहाच धरायचं. दोन वर्षांचा होईपर्यंत असंच मोजतात. तो सहा महिन्यांच्या बाळासारखं करत असेल, तर आठाने भागलं की ७५, सहाने भागलं की १००. शिवाय ऐन झोपेच्या वेळी डोंबिवलीहून दादरला लोकलने नेलंत त्याला. पेंगुळलेल्या पोराने चाचणीतल्या लाल कडीकडे हात नाही केला, तर त्यात अकलेचा काय संबंध?

आणि वय बरोबर धरूनही ७५च असेल, तरी ऐक. तुमची ती डासी, म्हणजे बाळाचा विकास मोजणारी ही चाचणी, बडोद्याच्या प्रमिला फाटकांनी बेलींच्या चाचणीवरून भारतीय मुलांसाठी बेतली. त्या नॅन्सी बेलींनी १९२८पासून अमेरिकेतल्या बर्कलीत तीच ती मुलं वर्षानुवर्षं तपासली. पहिल्या वर्षातल्या गुणांचा शाळेच्या वयातल्या बुद्ध्यंकाशी जवळपास काहीच मेळ बसेना! बसणार कसा? आता बघतात ठोकळा या हातातून त्या हातात घेतो का, घंटेकडे वळतो का. आठव्या वर्षी विचारतात शब्द आणि तर्क. बोलायला लागल्यावर, दोनेक वर्षांनंतर, मेळ जरा वाढतो.

क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी किलोच्या आत जन्मलेली मुलं तपासली होती. २० महिन्यांना ३९ टक्के मुलं ७०च्या खाली होती, आठव्या वर्षी १६ टक्के. (अभ्यास २००५चा.) ते १६ टक्केही लक्षात ठेव, मी तुला नुसता धीर देत नाहीये. फार खालचा आकडा आला तर तो गांभीर्यानेच घ्यायचा असतो. पण नील दीड किलोचा होता आणि ७५ म्हणजे तळ नव्हे.

गंमत म्हणजे, तेच ते चित्र दाखवल्यावर लवकर कंटाळून नव्याकडे बघणारी बाळं पुढे थोडी सरस निघतात. थोडीच हं. तेव्हा खुळखुळ्याचा त्याला कंटाळा येतो, ही तक्रार बंद कर.

फिजिओ मात्र चुकवायची नाही. डोळ्यांची तपासणी आणि बेरा, म्हणजे ऐकण्याची तपासणी, राहिली असेल तर या आठवड्यातच उरका. सहा महिन्यांनी डासी पुन्हा करू, सकाळी, झोप झाल्यावर. काकूंना आकडा सांगू नकोस, सोसायटीभर होईल.

शनिवारी येतोय. फाइल काढून ठेव, आणि वहिनींना म्हणावं, जेवायलाच आहे.

तुझा,
मंदार