जंगलासाठी कॅमेरा घेताना आधी लेन्स पाहावी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

ताडोबाच्या बफर क्षेत्रालगतच्या आमच्या चिमूर तालुक्यात गाईडचे काम करणाऱ्या किंवा धान विकून चार पैसे बाजूला टाकणाऱ्या तरुणांना वन्यजीव छायाचित्रणाची ओढ लागली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्यांतील अनेक जण नवी, महागडी बॉडी (म्हणजे लेन्सविना नुसता कॅमेरा) घेतात आणि उरलेल्या पैशांत बसेल ती लेन्स जोडतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा.

सकाळी फाटक उघडते तेव्हा सागाच्या आणि बांबूच्या दाटीत उजेड जेमतेम असतो. चालत्या जनावराचे चित्र हलू नये म्हणून शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतके वेगवान ठेवावे लागते, आणि अशा वेळी एफ ५.६ ऐवजी एफ ४ पर्यंत उघडणारी लेन्स (हा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे तोंड मोठे) दुप्पट प्रकाश आत घेते. त्यामुळे चांगली लेन्स लावलेली जुनी बॉडी अनेकदा नव्या बॉडीपेक्षा सरस ठरते.

दूरचे जवळ आणणाऱ्या ६०० मिलिमीटरच्या लेन्सचे आकर्षणही थोडे आवरावे. आपल्याकडे वाघ पुष्कळदा रस्त्यावरच, जिप्सीपासून वीसेक मीटरवर येतो. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या (चित्र टिपणाऱ्या पट्टीच्या) कॅमेऱ्यावर ६०० मिलिमीटरची लेन्स त्या अंतरावर जेमतेम सव्वा मीटर रुंदीचा भाग टिपते, म्हणजे शेपटीसह अडीच-तीन मीटरचा वाघ त्यात मावतच नाही. लहान सेन्सरच्या, म्हणजे एपीएस-सी बॉडीवर १०० ते ४०० मिलिमीटरचा झूम असेल तर पूर्ण वाघही येतो आणि दूरचे चितळही जवळ आणता येते. मे महिन्याच्या दुपारी तर तापलेल्या जमिनीवरची हवा लहरत असल्याने लांबच्या पाणवठ्यावरील चित्र कितीही मोठ्या लेन्सने धूसरच निघते. भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर पक्षी टिपणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तेथे ६०० मिलिमीटरही अपुरे वाटते.

जिप्सीत ट्रायपॉड उभा करायला जागा नसते. गावच्या शिंप्याकडून जाड कापडाची पिशवी शिवून त्यात तांदूळ भरावे, ती कठड्यावर ठेवून तीवर लेन्स टेकवावी आणि चालकाला इंजिन बंद करायला सांगावे. (असा सल्ला दुकानदार देणार नाही, हे उघड आहे.)

वापरलेली लेन्स घेताना तिच्यातून टॉर्चचा प्रकाश पाडून आतल्या काचेवर कोळिष्टकासारखी बुरशी आहे का, हे पाहावे. पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असते, कॅमेरा घरी पडून राहतो आणि बुरशी नेमकी तेव्हाच धरते. म्हणून तो कपड्यांच्या कपाटात न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा.

आपल्या पुरवणीत नव्या मॉडेलांची माहिती येते, तशी वापरलेल्या लेन्स पारखण्याविषयीही जाणकारांकडून लिहून घ्यावी, ही विनंती. नागपूरला जाऊन दहा दुकाने पालथी घालणे आमच्याकडच्या प्रत्येकाला परवडत नाही.

आपला,
एक वाचक,
ता. चिमूर, जि. चंद्रपूर