रिपासिंगला येणाऱ्या गाडीचा धूर खरोखर मोजा

मा. परिवहनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

पुण्यात माझं चारचाकीचं गॅरेज आहे. पंधरा वर्षं भरत आलेल्या गाड्या रिपासिंगच्या, म्हणजे नोंदणीच्या नूतनीकरणाच्या, आधी कामाला येतात. गाडीच्या धुरासाठीचे भारत स्टेज ४ चे निकष पुण्यात एप्रिल २०१० मध्येच लागू झाले, देशभर लागू व्हायला २०१७ उजाडलं. त्यामुळे आता आपल्या शहरात पंधरा वर्षांच्या होणाऱ्या पेट्रोल गाड्यांना धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि पेट्रोल-हवेचं प्रमाण राखायला मदत करणारा ऑक्सिजन सेन्सर कंपनीतूनच बसवून आलेले आहेत. नीट राखली तर अशी गाडी आजही स्वच्छ चालते. पण ती नीट राखली आहे का, हे रिपासिंगच्या वेळी कोणी मोजत नाही. माझं सगळं म्हणणं एवढ्यापुरतंच आहे.

रिपासिंगला इन्स्पेक्टर चेसिस नंबर पडताळतात, दिवे, हॉर्न, टायर बघतात. चेसिस नंबरचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा फाइलला लागतो. धुराच्या बाबतीत मात्र पीयूसीची, म्हणजे प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्राची, मुदत आहे ना, एवढंच पाहिलं जातं. ती पीयूसी कशी निघते, ते सांगतो.

मागच्या हिवाळ्यात एका निवृत्त शिक्षिकाबाईंची गाडी आली. एकहाती वापरलेली, घासूनपुसून ठेवलेली. डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा मात्र कायम पेटलेला. आमच्या गॅस अॅनालायझरवर लावली तर कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या कितीतरी पट. भारत स्टेज ४ च्या पेट्रोल कारला आयडलिंगवर, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन नुसतं चालू असताना, ०.३ टक्के चालतो. ऑक्सिजन सेन्सर गेलेला होता, त्यामुळे इंजिनात पेट्रोल जास्त जात होतं, प्लग काजळून काळे झाले होते. बाईंना यातलं काही जाणवलं नव्हतं, आणि जाणवणार तरी कसं? या वायूला ना रंग ना वास. सेन्सर बदलला, प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली आणि आकडा मर्यादेच्या आत आला. बाईंनी बिल कुरकुर न करता दिलं.

मग पीयूसी काढायला रस्त्याकडेच्या एका व्हॅनपाशी गेलो. तिथल्या मुलाने नंबर प्लेटचा फोटो काढला. मशीनची नळी व्हॅनच्या दाराला अडकवली होती, ती तिथेच राहिली. इंजिन बंद होतं. दोन मिनिटांत प्रिंट हातात आली आणि तिच्यावर धुराचे आकडे छापलेले होते. बाईंनी मला विचारलं, "अहो, गाडी तर बंद होती, मग हे आकडे कशाचे? आणि कागद असाच मिळणार होता तर मी एवढा खर्च कशासाठी केला?"

मंत्रिमहोदय, या प्रश्नाचं उत्तर एका गॅरेजवाल्याने देण्यासारखं नाही.

खरी तपासणी अवघड नसते. इंजिन गरम हवं, नळी टेलपाइपमध्ये फूटभर आत हवी. आधी आयडलिंगवर आकडा घ्यायचा, मग इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांच्या आसपास धरून लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) बघायचा. डिझेल गाडीला अॅक्सिलरेटर पुन्हा पुन्हा पूर्ण दाबून धुराची घनता मोजतात. सगळं मिळून दहाएक मिनिटांचं काम. एवढं करूनही नायट्रोजन ऑक्साइड आणि धुळीचे बारीक कण पीयूसीत मोजलेच जात नाहीत. जेवढं मोजायचं ठरलं आहे, तेवढं तरी मोजलं जावं.

या कागदावर आपण किती भार टाकला आहे, तेही बघा. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने विम्याचं नूतनीकरण पीयूसीशी जोडलं होतं; ती अट २०२४ मध्ये मागे घेतली. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर पीयूसी नसल्याचा दंड १०,००० रुपयांपर्यंत गेला. आता पीयूसी नसेल तर पंपावर इंधन द्यायचं नाही, अशीही भाषा होते. रिपासिंगची फी कारला ६०० रुपये होती, ती १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी १०,००० झाली. वर पर्यावरण कर आहेच. ही फी आणि हा कर, दोन्ही गाडीच्या वयावर. ज्याने कन्व्हर्टर चोक झाला म्हणून आतून फोडून रिकामा करून घेतला, त्याला आणि त्या शिक्षिकाबाईंना सारखेच पैसे पडतात. मग धूर कमी करायला कोण खर्च करील?

फी केंद्राने ठरवली आहे, हे मला माहीत आहे. पण पीयूसी केंद्रांना परवाना देणं, त्यांचे दर ठरवणं आणि इन्स्पेक्टर, हे आपल्या खात्याकडे आहे. तेव्हा रिपासिंगला येणाऱ्या प्रत्येक गाडीचा धूर आरटीओच्या आवारातच, इन्स्पेक्टरसमोर मोजला जावा. आकड्यांची प्रिंट मालकाच्या हातात द्यावी आणि गाडीच्या नोंदीतही ठेवावी. गाडी नापास झाली तर दुरुस्तीला पुरेशी मुदत द्यावी आणि फेरतपासणीला नव्याने फी घेऊ नये. पंधरा वर्षांची गाडी हौसेने कोणी चालवत नाही. बहुतेकांना नवी परवडत नाही, त्यांना एजंटच्या दारात उभं करू नका.

यात गॅरेजवाल्यांचा धंदा वाढेल, असं कोणी म्हणेल, आणि ते खरंही आहे. म्हणून तपासणी आणि दुरुस्ती एकाच हाती देऊ नका. आम्हाला तपासणीचे अधिकार नकोत.

पीयूसीवाल्या मुलांवर सगळं ढकलणंही मला पटत नाही. शंभर-दीडशे रुपयांत मशीन सांभाळायचं, वेळच्या वेळी कॅलिब्रेट करून घ्यायचं आणि प्रत्येक गाडीला दहा मिनिटं द्यायची, हे गणित बसत नाही. दर वाढवा, लोक देतील. पण मग अचानक जाऊन तपासा, आणि बंद इंजिनाचे आकडे छापणाऱ्याचा परवाना रद्द करा.

यासाठी लागणारी माहिती पुण्याला बाहेरून आणावी लागणार नाही. वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे आणि ती इथेच, पौड रस्त्यालगत वेताळ टेकडीवर आहे. शहराची हवा मोजणारी 'सफर' यंत्रणा पाषाणच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेतून चालते. एमएच १२ (पुणे) आणि एमएच १४ (पिंपरी-चिंचवड) या दोन आरटीओ कार्यालयांपासून सुरुवात करा. एका महिन्यात रिपासिंगला आलेल्या गाड्यांपैकी किती पास झाल्या, किती नापास, ते आकडे जाहीर करा. इंधन बंद करण्याचा विचार त्यानंतर व्हावा.

आपला,
पुण्यातला एक गॅरेजचालक