एक तरी मातीचे कोर्ट करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी सोलापूरजवळ वीटभट्टी आहे. विटेचा लाल चुरा जन्मभर नाकातोंडात गेला. त्याच चुऱ्यावरचा टेनिसचा खेळ बघायला हजारो माणसे रांगा लावतात, हे २०२५च्या मे महिन्यात लेकीकडे पॅरिसला गेलो तेव्हा पाहिले.

जावईबापूंनी फ्रेंच ओपनच्या बाहेरच्या कोर्टांची तिकिटे काढली होती. आम्ही १४ नंबरच्या कोर्टावर बसलो. ते निम्मे जमिनीत आहे, विहिरीत उतरावे तसे पायऱ्यांनी खाली जायचे. खेळाडू बाजू बदलायला थांबले तरच आत सोडतात. फ्रेंच खेळाडूने गुण घेतला की सगळी विहीर दणाणायची. पण समोरच्याने सर्व्हिससाठी चेंडू टप्पे देत हातात घेतला की मातीवर बूट घसरल्याचा आवाजसुद्धा वरपर्यंत यायचा.

एका चेंडूवरून वाद झाला. पंच उंच खुर्चीवरून उतरले, रेषेपाशी चालत गेले, वाकून ठसा पाहिला आणि निर्णय दिला. बाकीच्या तिन्ही ग्रँड स्लॅममध्ये, म्हणजे टेनिसच्या सर्वांत मोठ्या स्पर्धांमध्ये, आता हे काम यंत्र करते. इथे अजून माणूस करतो, कारण चेंडू कुठे पडला ते माती दाखवते. खेळाडूही मुकाट्याने जागेवर गेला. मला ते फार आवडले.

सेट संपल्यावर कर्मचारी जाळी ओढून माती सारखी करायचे आणि पांढऱ्या रेषा झाडायचे. सामन्याआधी त्यांनी नळीने सडा मारला होता, तेव्हा जो वास उठला तो थेट माझ्या भट्टीवरचा. लेकीने माझ्याकडे पाहिले, तिलाही तो ओळखू आला होता.

या मातीच्या कोर्टावर विटेचा चुरा जेमतेम एक-दोन मिलिमीटर. खाली चुनखडीचा थर ओल धरून ठेवतो. चेंडू मंदावतो, उंच उठतो, एकेक गुण लांबतो. त्या वर्षीची अल्कराझ आणि सिन्नरची अंतिम लढत ५ तास २९ मिनिटे चालली, ती आम्ही टीव्हीसमोरून न हलता पाहिली. महेश भूपती ग्रँड स्लॅम जिंकणारे पहिले भारतीय ठरले, तेही इथेच, १९९७ साली मिश्र दुहेरीत.

माझी नात सोलापुरात टेनिस शिकते, सिमेंटच्या कोर्टावर. बारा वर्षांची पोर संध्याकाळी गुडघा चोळत बसते. माती पायाला मऊ असते, घसरत जाऊन चेंडू गाठता येतो. शहरात निदान एक कोर्ट लाल मातीचे करावे, अशी मैदाने सांभाळणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आपल्याकडची पाण्याची ओढ मला माहीत आहे. उन्हाळ्यात आमच्या घरी नळाची वाट पाहतच दिवस जातात. पण सड्याला प्रक्रिया केलेले सांडपाणी चालेल, पिण्याचे लागत नाही. आणि विटांचा चुरा मी भट्टीवरून फुकट पोचवीन, बारीक चाळून.

आपला,
एक वीटभट्टीवाला, सोलापूर