नॅव्हटेक्स गप्प असेल तेव्हा काय? जहाजवाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

वादळाचा इशारा, विझलेलं दीपगृह, जागा सोडून वाहत गेलेला बोया, शोध-बचावाची हाक. किनाऱ्यालगतच्या जहाजाला हे सगळं ५१८ किलोहर्ट्झवर नॅव्हटेक्सने, म्हणजे रेडिओवरून लेखी सूचना पाठवणाऱ्या सेवेने, कळतं. तपासणीत रिसीव्हर सुरू दिसला की विषय तिथेच मिटतो. पण हे यंत्र बिघडतं ते गुपचूप. अँटेनाच्या जोडात खारं पाणी शिरतं, तांब्यावर हिरवं चढतं, केबलमधून वरच्या ॲम्प्लिफायरला जाणारी वीज तुटते. पडदा मात्र उजळलेलाच असतो. वॉचवरच्या अधिकाऱ्याला वाटतं, आज सूचनाच नाहीत.

वास्तविक पाठवायला काही नसलं, तरी केंद्राने आपल्या पाळीत तसं सांगणारा 'झेड' प्रकारचा संदेश द्यायचा असतो. पाळी दर चार तासांनी, दहा मिनिटांची: 'ए' अक्षराच्या केंद्राची ००:०० यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेला), 'बी'ची ००:१० ला, 'जी'ची ०१:०० ला. पाळी कोरी गेली, तर आधी आपल्याच यंत्रावर संशय घ्यायला हवा. पण छपाईचा कागद वाचवण्यासाठी जहाजावरच्या रिसीव्हरमध्ये नेमका 'झेड'च बंद केलेला असतो. तो सुरू ठेवा, असं परिपत्रक आपल्या विभागाने काढावं. त्याला एक पैसाही लागत नाही.

दुसरी मागणी पर्यायी रिसीव्हरची. सक्तीच्या यंत्राची जागा त्याने घ्यायची नाही, फक्त शेजारी उभं राहायचं. ५१८ पकडणारा साधा एसएसबी (सिंगल साइडबँड) रिसीव्हर, त्याची स्वतंत्र अँटेना (एकच अँटेना वाटून घेतली तर दोन्ही यंत्रं एकदम मुकी होतात), ऑडिओ केबल आणि सिटॉर-बी (नॅव्हटेक्सचा मजकूर ज्या संकेतात येतो तो) वाचणारं सॉफ्टवेअर असलेला लॅपटॉप, एवढं पुरतं. रिसीव्हर यूएसबी मोडवर, म्हणजे अप्पर साइडबँडवर, ५१७.० किलोहर्ट्झला लावायचा; मग संदेश वाहणारे दोन सूर ९१५ आणि १०८५ हर्ट्झवर ऐकू येतात. सॉफ्टवेअरला दोन सुरांचा मध्य १७०० हर्ट्झवर हवा असेल तर ५१६.३ ला. नेहमीची चूक म्हणजे थेट ५१८ लावणं. तसं केलं की सूर शून्याशी जातात आणि हाती काहीच लागत नाही. सूर स्वच्छ असूनही अक्षरं निरर्थक आली, तर साइडबँड उलटी, म्हणजे अप्परऐवजी लोअर, लागली आहे. मजकुरात न वाचलेल्या अक्षरांच्या जागी येणाऱ्या तारका वाढल्या, तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढावा, मग ब्रिजवरचे एलईडी दिवे एकेक करून बंद करावेत. पुष्कळदा गोंगाट तिथूनच येतो.

नॅव्हटेक्सचा पल्ला साधारण २५० ते ४०० सागरी मैल. त्यापलीकडे उपग्रहावरची सेवा असते, आणि जिथे एचएफ (उच्च वारंवारतेचं) प्रसारण चालतं तिथे हाच संच ४२१० किंवा ८४१६.५ किलोहर्ट्झवरही वाचू शकतो.

महिन्यातून एकदा मुख्य यंत्र बंद ठेवून, पर्यायी संचावर एका केंद्राची पूर्ण पाळी 'झेडसीझेडसी' या आरंभखुणेपासून 'एनएनएनएन' या शेवटच्या खुणेपर्यंत घ्यावी, तिची प्रत रेडिओ लॉगला जोडावी आणि तपासनिसाने नुसता उजळलेला पडदा पाहण्याऐवजी ती प्रत मागावी, असा नियम करावा, ही विनंती.

कळावे,
जहाजावरील रेडिओ कर्मचारी