रडली तर बिचारी, हसली तर खोटारडी

संपादक महोदय,

आमच्या सोसायटीतल्या एक ताई नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून माहेरी परत आल्यात, परवा हळदीकुंकवाला जरा मोठ्यानं हसल्या तर लगेच मागून कुजबुज, 'हिला बघून वाटतं का हो मार खाल्लाय म्हणून?' म्हणजे रडायलाच पाहिजे का! १९७२ च्या देसाईगंज पोलीस ठाण्यातल्या मथुरा प्रकरणात, म्हणजे मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी ठाण्यातच बलात्कार केल्याच्या खटल्यात, हेच झालं ना, अंगावर जखमा नाहीत म्हणून सुप्रीम कोर्टानं पोलिसांना सोडलं, कायदा बदलायला १९८३ उजाडलं. टू फिंगर टेस्ट, म्हणजे बलात्कार झालेल्या बाईची योनीत दोन बोटं घालून करायची तपासणी, बंद करा हे तर २०२२ मध्येसुद्धा कोर्टाला बजावावं लागलं. ताई बँकेत कॅशियर आहेत, तिळाच्या वड्या एक नंबर करतात, पण ओळख करून देताना सगळ्यांचं आपलं एकच, 'ती हो, नवरा मारायचा ती.'

- एक वाचक, डोंबिवली