औषधांच्या खिडकीमागच्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितोय.

त्या सोमवारी खिडकीशी मी तुमच्यावर आवाज चढवला होता. "माणूस एवढा आजारी आणि गोळी 20 मिलिग्रॅमची? रत्नागिरीहून आम्ही यासाठी आलो?" डॉक्टरांनी सगळं समजावलं होतं, पण अण्णांच्या आजाराचे सीएलएल (रक्ताचा एक कर्करोग), 17पी डिलीशन (17व्या गुणसूत्राचा एक तुकडा तुटून गेलेला) हे शब्द कानावर पडल्यापासून माझं डोकं बधिर होतं. मागे रांग होती. तुम्ही "बसा जरा, येते" म्हणालात आणि जेवणाच्या सुट्टीत खरंच आलात. अण्णांशेजारी बाकावर बसून ॲप्रनच्या खिशातून दोन पेनं काढलीत.

या कर्करोगाच्या पेशींची खोड भराभर वाढण्यापेक्षा वेळेवर न मरण्याची आहे, असं तुम्ही सांगितलंत. अण्णा लगेच म्हणाले, "म्हणजे खुर्ची न सोडणारे पुढारी!" मग तुम्ही निळ्या पेनाचं टोपण दाखवलंत. हे बीसीएल-2 नावाचं प्रथिन. निळं पेन म्हणजे बिम, पेशीला 'आता आवरा' असा निरोप घेऊन येणारं प्रथिन. ते टोपणात अडकलं की निरोप तिथंच थांबला, आणि या पेशी अशी टोपणं ढिगानं बनवून ठेवतात. व्हेनेटोक्लॅक्स, म्हणजे आमची गोळी, हे लाल पेन. ते टोपणाची जागा बळकावतं, निळं सुटतं. मग बॅक्स आणि बॅक ही प्रथिनं मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या वीजघरांच्या, आवरणाला भोकं पाडतात, त्यातलं सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर गळतं आणि कॅस्पेस नावाच्या कात्र्या पेशीला आतून कापत सुटतात.

17पीचंही कोडं तेव्हाच सुटलं. त्या तुटलेल्या तुकड्याबरोबर पी53, म्हणजे बिघडलेल्या पेशीला मरायला लावणारं प्रथिन बनवणारं जनुक, जातं आणि नेहमीची केमो बरीचशी त्याच्याच भरवशावर चालते. ही गोळी पी53ला न विचारता पुढच्या दारानं आत शिरते.

नंतर मी वाचत बसलो. बीसीएल-2चं जनुक फॉलिक्युलर लिम्फोमा या दुसऱ्या एका कर्करोगात सापडलं होतं, 14 आणि 18 या गुणसूत्रांच्या अदलाबदलीच्या जागी. ते पेशींना भराभर वाढवत नाही, त्यांचं मरण टाळतं, हे 1988 साली मेलबर्नमध्ये डेव्हिड वॉ, सुझान कोरी आणि जेरी ॲडम्स यांनी दाखवलं. गोळीला अमेरिकेत परवानगी मिळाली एप्रिल 2016मध्ये, तीही आधी नेमक्या 17पीवाल्या रुग्णांसाठी. अठ्ठावीस वर्षं! आणि मी खिडकीशी पाच आठवड्यांसाठी भांडत होतो.

कारण खरी गोष्ट उलटीच होती. गोळी जोरदार लागू पडते, म्हणूनच ती जपून द्यायची. पेशी एकदम ढिगानं मेल्या तर त्यांच्यातलं पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक ॲसिड रक्तात उतरतं, किडनी बसते, हृदयाचे ठोकेही बिघडतात. म्हणून दर आठवड्याला एक पायरी: 20, 50, 100, 200, 400. आता कबूल करतो, माझा चुलतभाऊ फोनवर म्हणाला होता, "दोन आठवड्यांच्या गोळ्या एकदम दे, लवकर गुण येईल." मी हो म्हणायच्या बेतात होतो.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे दोन दिवस आधीपासून दिवसाला दोन लिटर पाणी सुरू केलं. अण्णा प्रत्येक पेल्याला एक चिंचोका वाटीत टाकायचे आणि रात्री मोजायचे. एखादा कमी भरला तर कुरकुरत उठून पाणी प्यायचे.

आणि निघताना तुम्ही विचारलंत, "घरी करमळ आहे का हो?" आम्ही चमकलोच. परसात करमळीचं, म्हणजे स्टारफ्रूटचं, झाड आहे, चांदणीसारख्या चकत्यांना मीठ लावून खाणं हा अण्णांचा जुना नाद. ते फळ यकृताला औषध वेळेवर फोडू देत नाही, गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं, हे तुम्ही विचारलं नसतं तर आम्हाला कोण सांगणार होतं?

पाचही पायऱ्या सुखरूप पार पडल्या. मानेतल्या गाठी आता हाताला लागत नाहीत. 400 चालू आहे.

झाड यंदा लगडलंय. पुढच्या तपासणीला पिशवीभर करमळं घेऊन येतो. तुम्हाला कुठे गोळी चालू आहे!

तुमचा,
त्या दिवशी ओरडलेला