नकाशा खिशात ठेवून

महोदय,

परदेशातल्या मोठ्या शहरात तासातासाचं वेळापत्रक घेऊन धावणाऱ्यांना सुचवावंसं वाटतं, एक दुपार मोकळी ठेवा आणि वाट चुकत भटका. मात्र वाट चुकण्याचीही थोडी तयारी लागते.

निघण्यापूर्वी शहराचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. नकाशाचं चित्र दिसायला मात्र ते लागतं. मुक्कामाचा पत्ता स्थानिक लिपीत कागदावर असू द्या, कारण बॅटरी नेमकी परतताना संपते. मेट्रो स्थानकाच्या ज्या दारातून बाहेर पडलात, त्याच्या क्रमांकाचा फोटो काढा. टोकियोत शिंजुकूला दोनशेच्या आसपास दारं आहेत! तिथे बहुतेक गल्ल्यांना नावंच नसतात, पत्ता ठोकळ्यांच्या, म्हणजे रस्त्यांनी वेढलेल्या घरांच्या गटांच्या, क्रमांकांवर चालतो.

पॅरिस त्या मानाने दयाळू. सेन नदीला काटकोनात असलेल्या रस्त्यांवर घरांचे क्रमांक नदीपासून सुरू होतात, समांतर रस्त्यांवर प्रवाहाच्या दिशेने वाढतात. आकडे उतरत्या क्रमाने दिसले की नदी जवळ येतेय किंवा आपण प्रवाहाच्या उलट चाललोय. निळ्या पाटीवर रस्त्याच्या नावाच्या वर विभागाचा क्रमांकही असतो.

उंच इमारतींमध्ये उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून येतो आणि नकाशावरचा ठिपका भलत्याच गल्लीत उडी मारतो. अशा वेळी मोकळ्या चौकात जाऊन दोन पाट्या वाचाव्यात.

शेवटच्या गाडीची वेळ तेवढी आधी पाहा. टोकियोत ती मध्यरात्रीच्या सुमारास सुटते.

– एक वाचक